संथ नदी आणि पट्टीचे पोहणारे बाबा

पत्र:

आम्ही कॅल्गरीत राहतो. जुलैत आई-बाबा सांगलीहून दोन महिन्यांसाठी येतायत. बाबा ६७ वर्षांचे. त्यांचं लहानपण कृष्णेच्या घाटावर गेलं, आयर्विन पुलावरून उड्या मारलेल्या. त्यांना इकडची नदी दाखवायची म्हणून रेड डिअर नदीत कनूची, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद नावेची, दोन दिवसांची सफर ठरवतोय. टोलमन पुलापासून ड्रमहेलरपर्यंत, मध्ये एक रात्र तंबूत. मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा आणि बाबा. आम्हा दोघांचा अनुभव म्हणजे बो नदीत रबरी तराफ्यातून दोन उन्हाळे तरंगलोय, एवढाच. रेड डिअर अगदी संथ आहे असं सगळेच सांगतात. पण बाबांनी व्हिडिओ कॉलवरच जाहीर केलंय, ‘जॅकेट-बिकेट मी घालणार नाही, मी कृष्णा पोहून गेलोय.’ आई म्हणते, मी काठावरच बरी. मुलाला डायनासोरचं हाड घरी आणायचंय. जमेल ना हे सगळं?
– सांगलीची लेक, कॅल्गरी

उत्तर:

सांगलीच्या लेकी,

जमेल. पण तुम्ही आखलंय तसं नको. आधीच सांगतो, मी पलीकडचा, कोल्हापूरचा. त्यामुळे सांगलीच्या माणसाला पाण्याबद्दल शिकवायला जाणं म्हणजे काय असतं याची मला पूर्ण कल्पना आहे.

‘नदी अगदी संथ आहे’ हे खरंच आहे. बॅन्फच्या डोंगरातून निघालेली ही नदी सपाटीला लागली की तिला कसलीच घाई उरत नाही. टोलमनच्या खाली धबधबा नाही की खळाळ नाही. पाणी आपलं चालतं, तुम्ही नुसते बसून राहिलात तरी पुढे जाता. आणि नेमकं इथेच माणूस फसतो. खळाळत्या नदीला लोक घाबरतात म्हणून तयारी करून जातात. संथ नदीवर लोक सहलीला म्हणून जातात. तिथे घात होतो तो वाऱ्याने, चिखलाने, उन्हाने, पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाने, आणि सगळ्यात जास्त वेळा गाडीच्या किल्लीने.

किल्लीचं आधी सांगून टाकतो, कारण तो माझाच पराक्रम आहे. नदीवरची सफर सुरू होते एकीकडे आणि संपते दुसरीकडे. म्हणून दोन गाड्या लागतात. एक शेवटच्या ठिकाणी आधी सोडायची, दुसरीतून सामान घेऊन वर जायचं. माझ्या पहिल्या सफरीत मी हे सगळं शिस्तीत केलं. रात्री आठच्या सुमारास ड्रमहेलरला काठाला लागलो. कमरेपर्यंत ओले, मुलं पेंगुळलेली. खालची गाडी समोर उभी होती. तिची किल्ली वरच्या गाडीत होती, माझ्या कोरड्या जाकिटाच्या खिशात. एका शेतकऱ्याने पिकअपमधून वर नेऊन सोडलं आणि पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. घरी त्या प्रसंगाची आठवण अजून दर उन्हाळ्यात न चुकता काढली जाते.

तर तुमची आखणी उलटी करा. आधी शेवट ठरवा, मग सुरुवात. आणि यात तुमच्या आई ‘काठावरच बरी’ म्हणतायत हे तुमचं भाग्य समजा. त्यांना एकटं सोडता येणार नाही, गाडी चालवायला कुणीतरी हवंच. म्हणजे तुम्हा नवरा-बायकोंपैकी एक जण काठावर राहणार, आणि दुसऱ्या गाडीचा प्रश्नच मिटला.

मी असं करेन. दोन दिवस नको, एकच दिवस. टोलमनही नको, त्याच्या खालचा मॉरिन पूल धरा, २७ नंबरच्या हायवेवरचा. तिथे सकाळी जावईबापू, बाबा आणि मुलगा नावेत बसतील. तुम्ही आईंना घेऊन ब्लेरिओ फेरीला जायचं. ही म्हणजे आपली ‘तर’ हो, अगदी तीच. नदीवर आडवी तार ताणलेली, तिला धरून चपटी नाव गाड्या घेऊन या काठाची त्या काठाला जाते. १९१३ पासून तिथे तर आहे. तिला हे नाव मिळालं ते आंद्रे ब्लेरिओवरून. विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा लुई ब्लेरिओ त्याचा भाऊ. भावाने समुद्र ओलांडला आणि याच्या नावाने लोक नदी ओलांडतात. पैसे लागत नाहीत. आईंना दोन फेऱ्या मारू द्या, कृष्णाकाठच्या बाईला ते आवडेल.

दुपारी नाव तिथे पोचली की अदलाबदल. नवरा उतरेल, तुम्ही बसाल. खालचा ड्रमहेलरपर्यंतचा टप्पा तुमचा. तोवर नवरा आईंना डायनासोरच्या रॉयल टिरेल म्युझियममध्ये नेईल, ते त्याच रस्त्यावर आहे. तरीजवळ येताना मात्र वल्ही थांबवायची. तर चालू असेल तर तिच्या पुढून घुसायचं नाही, काठाला थांबायचं, ती टेकली की चालवणाऱ्याला हात करून मग जायचं.

आणि एकट्या नावेने जाऊ नका. तुमच्यापैकी कुणीच कनू चालवलेली नाही. तराफा आणि कनू यांत बैलगाडी आणि सायकलएवढा फरक आहे. कनू चालवणारं एखादं कुटुंब ओळखीत असेल तर त्यांची नाव सोबत घ्या. नसेल तर ड्रमहेलरला नावा भाड्याने देणारे आणि सोबत येणारे मिळतात. त्याआधी एका संध्याकाळी कॅल्गरीच्या ग्लेनमोर जलाशयात तासभर सराव करा. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे पोहायला बंदी आहे, हे बाबांना विमानतळावरून घरी येतानाच सांगा.

आता बाबा. हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न आहे, बाकी सगळं सामान-सुमान.

कॅनडाचा कायदा म्हणतो की नावेत माणशी एक, मापाचं लाइफ जॅकेट असलं पाहिजे. मी म्हणतो, ते अंगात असलं पाहिजे, आणि पट्टे आवळलेले. कृष्णा पोहून गेलेला माणूस लंगोट लावून, मनाची तयारी करून, स्वतः पाण्यात उतरलेला असतो. कनूतून पडणारा माणूस शर्ट-पँट-बुटांसकट, बोलता बोलता पडतो. डोंगरातून आलेल्या गार पाण्यात एकदम पडलं की पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पोहता येण्याचा काही उपयोग होत नाही. वर ते ६७ वर्षांचे आहेत. हे सगळं खरं आहे, पण यातलं एक अक्षरही फोनवर त्यांना सांगू नका. वाद जिंकाल आणि बाबा नावेत बसणार नाहीत.

त्याऐवजी त्यांना एवढंच विचारा, की पोहायला शिकलात तेव्हा पाठीला काय बांधलं होतं? सांगलीत त्या वयाचा प्रत्येक जण डबा नाहीतर भोपळ्याची सांगड बांधूनच शिकलेला आहे. त्याचे किस्से ते अर्धा तास सांगतील. सांगू द्या. मग म्हणा, ही इकडची सांगड.

दुसरं, नातवाच्या जॅकेटची जबाबदारी त्यांच्यावर सोपवा. खांद्याचे पट्टे धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर सैल आहे, पुन्हा आवळायचं. हे काम झालं की नातू आपसूकच विचारेल, ‘आजोबा, तुमचं?’ तो विचारेल याची सोय तुम्ही आधी करून ठेवा. अकरा वर्षांची मुलं आइस्क्रीमच्या बोलीवर बरंच काही करतात.

आणि एवढं करूनही त्यांनी नाही म्हटलं, तर काठावर उभं राहून शांतपणे सांगायचं की ज्याच्या अंगात जॅकेट नाही तो नावेत नाही. हे वाक्य जावयाने बोलायचं नाही. सासऱ्याला जावई असं बोलला तर दोन महिने घरात त्याचा वास राहतो. लेक बोलली तर संध्याकाळपर्यंत विरतो.

बाबांना सामानासारखं मध्ये बसवू नका. पुढच्या बाकावर बसवा आणि हातात वल्हं द्या. मुलगा मध्ये खाली, तळाशी. मागे बसेल तो दिशा सांभाळणार, म्हणजे सकाळी नवरा आणि दुपारी तुम्ही. पुढच्याचं काम जोर लावायचं आणि पाणी बघायचं, आणि पाणी बघण्यात बाबा तुम्हा सगळ्यांचे बाप आहेत. फक्त उभं राहायचं नाही, कशासाठीही. फोटोसाठीही नाही. गुडघे धरत असतील तर पाठ असलेली छोटी खुर्ची बाकाला बांधायला मिळते, ती घ्या. दर तासाला काठाला लागा, पाय मोकळे होतील आणि बाकीचंही उरकता येईल. साठीनंतर पुरुषाला नावेतून ‘थांबा’ म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून त्यांनी म्हणायच्या आतच थांबा.

आणखी एक काम बाबांनाच द्या, ते नदीची पातळी बघायचं. पावसाळ्यात सांगलीत सकाळी उठून पहिला प्रश्न काय असतो? ‘आयर्विनला किती फूट?’ चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. इथे तसंच आहे, फक्त इंटरनेटवर. तुमच्या अल्बर्टा प्रांताच्या सरकारच्या नद्यांच्या पानावर रेड डिअर नदीचं ड्रमहेलरचं केंद्र काढा. प्रवाह क्युमेकमध्ये असतो, म्हणजे सेकंदाला घनमीटर. त्याला ३५.३ ने गुणलं की क्युसेक. ५० क्युमेक म्हणजे १,७६५ क्युसेक. कोयनेच्या विसर्गाचे आकडे ऐकत मोठे झालेले बाबा यावर हसतील, ‘अरे, हा तर ओढा!’ हसू द्या. पण आकड्यापेक्षा रेषेकडे बघायला सांगा. आलेखावर नेहमीच्या प्रवाहाचा पट्टा दाखवलेला असतो, त्यात रेष असेल तर ठीक. दोन दिवस रेष चढत असेल, किंवा वर डोंगरात मोठा पाऊस झाला असेल, तर घरी भजी तळा. जूनमध्ये ही नदी अचानक फुगते, २००५ आणि २०१३ ला काय झालं ते तुमच्या शेजाऱ्यांना विचारा. ऑगस्टअखेर उलटं होतं, पाणी इतकं उतरतं की वाळूच्या पट्ट्यांवरून नाव ओढत न्यावी लागते. म्हणून जुलैचा मध्य धरा.

पाण्यात खरी भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे आडव्या झाडाची. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी काठ खातं, तिथली पॉप्लरची झाडं मुळासकट नदीत झोपतात. पाणी फांद्यांमधून निघून जातं, नाव आणि माणूस अडकतात. वळणावर आतल्या अंगाने जा. तरीही नाव झाडावर गेलीच, तर माणूस घाबरून झाडापासून लांब झुकतो आणि त्याच क्षणी नाव उलटते. झाडाकडे झुकायचं, त्याला मिठी मारायची. हे ग्लेनमोरला सरावात दोनदा बोलून दाखवा.

वाऱ्याचं सांगायला मला एक गाय पुरेशी आहे. मॉरिनच्या खाली एका लांब सरळ पट्ट्यात ती काठावर पाणी पीत उभी होती. समोरून वारा. आम्ही जोर लावून तिच्या पुढे गेलो, दमून वल्ही टेकवली, आणि बघतो तर पुन्हा गायीच्या मागे. त्या दिवशी एकाच गायीला आम्ही तीनदा ओलांडलं. तिसऱ्यांदा तिने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. गवताळ सपाटीवर दुपारचा वारा हा हिशेबात धरायचाच असतो. नुसत्या प्रवाहावर ताशी तीन-चार किलोमीटर आणि वल्ह्यांनी पाच-सहा, असं कागदावर येतं. समोर वारा असला की सगळं कागदावरच राहतं. म्हणून आठला पाणी धरा. जुलैत सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, उजेडाला तोटा नाही, पण तो उजेड अडचणीसाठी राखीव ठेवा. वारा समोरून असेल तर सामान पुढे सरकवा. नावेचं नाक हलकं राहिलं की वारा त्याला दाराच्या फळीसारखं फिरवतो. आणि ढग काळे होऊन गडगडलं की तडक काठाला. मध्य अल्बर्टातल्या गारा हौसेने वेचायच्या नसतात.

आता चिखल. दरीच्या दोन्ही बाजूंना राखाडी-तपकिरी पट्ट्यांचे उघडे डोंगर दिसतील. कोरडे असताना वरची माती लाह्यांसारखी फुललेली, पायाखाली कुरकुरते. एक सर पडली की तीच साबण होते. तिच्यात बेंटोनाइट आहे, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली माती. बाबांना ती दोन बोटांत चोळून बघू द्या. आपल्याकडच्या काळ्या मातीत जी फुगणारी, चिकटणारी चिकणमाती असते, तीच जात ही. पावसात मळ्यातून येताना चपलेखाली शेर-शेर माती घेऊन चाललेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते. ओल्यात त्या उतारावर चढायचं नाही, मुलाने तर नाहीच.

मुलाच्या हाडाकडे येतो. यासाठीच ही नदी निवडली असेल तर मुलगा हुशार आहे. १८८४ मध्ये जोसेफ टिरेल कोळसा शोधत या दरीत आला आणि त्याला एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. म्युझियमला त्याचंच नाव आहे. पुढे १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियमचा बार्नम ब्राउन आला. या दरीत गाडी-घोड्यापेक्षा पाणी सोयीचं हे त्याने ओळखलं, मोठा सपाट तराफा बांधला, त्यावर तंबू ठोकला, चूल मांडली, आणि लांब वल्ह्यांनी सावरत प्रवाहाबरोबर खाली येत राहिला. दरड बघायची, हाड दिसलं की काठाला लागायचं. म्हणजे तुम्ही जे करणार आहात तेच, फक्त त्याने सगळा उन्हाळा केलं, डासांसकट. टोलमनच्या वरच्या अंगाला, आज जिथे ड्राय आयलंड बफेलो जंप हे प्रांतिक उद्यान आहे तिथे, त्याला एकाच जागी अल्बर्टोसॉरस या मांसाहारी डायनासोरच्या कितीतरी जणांची हाडं सापडली. नंतर ती जागाच हरवली. १९९७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ फिलिप करी यांनी ब्राउनचे जुने फोटो हातात धरून ती पुन्हा शोधून काढली. ही गोष्ट मुलाला नावेतच सांगा, दरड समोर असताना.

पण हाड घरी यायचं नाही. अल्बर्टात जीवाश्म सरकारच्या मालकीचे असतात. खणून काढायचे तर परवाना लागतो. उद्यानांच्या हद्दीत उचलायचेही नाहीत. खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी घेऊन, मातीवर सुटं पडलेलं उचललं तरी तुम्ही त्याचे राखणदार, मालक नाही. विकायचं नाही, प्रांताबाहेर न्यायचं नाही. म्हणजे आजोबांच्या बॅगेतून सांगलीला तर मुळीच नाही. सापडलं तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा, नकाशावर जागेची खूण करा आणि म्युझियमला कळवा. मुलाच्या पत्राला तिथून उत्तर आलं तर ते हाडापेक्षा जास्त दिवस टिकेल. जाता जाता, दगड की जुनं हाड हे जिभेला लावून ओळखतात, सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. हे त्याला सांगू नका, गायी त्याच काठावर असतात.

जमिनीचं म्हणाल तर नदीचं पात्र आणि पाण्यालगतचा काठ सरकारी. वर बांधावर चढलात की ती कुणाची तरी शेती आहे. कुंपणाची तार ओलांडून जेवायला बसायचं नाही.

बाकीचं भराभर. नावेत १५ मीटरची तरंगणारी दोरी, शिट्टी आणि पाणी उपसायला भांडं असणं कायद्याने लागतं, दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापला की उपसणं तयार. नदीचं पाणी पिऊ नका. गाळामुळे फिल्टर तुंबतो आणि वर सगळी गुरंढोरं. माणशी चार लिटर घरून न्या. दरीत फोनला रेंज धरून चालू नका, नकाशा आधी उतरवून घ्या आणि तरीवर किती वाजता भेटायचं हे काठावरच्यांशी पक्कं करा, किती वाजेपर्यंत वाट बघून मदत मागवायची हेही. ड्रमहेलरला जिथे उतरायचं ती जागा सकाळीच जाऊन पाण्याच्या बाजूने बघून ठेवा. रस्त्यावरून ओळखीची वाटणारी जागा नावेतून अजिबात ओळखू येत नाही. आम्ही झाडाला लाल गमछा बांधतो. कोरडे कपडे गाडीत नको, नावेत, घट्ट बंद पिशवीत. बाबांच्या प्रवास विम्यात असल्या सफरी धरल्या आहेत का ते कागद काढून वाचा. परत निघताना नावेचा चिखल धुवा, पाणी काढा, वाळू द्या. या खोऱ्यात माशांचा एक आजार आहे, तो चिखलाबरोबर दुसऱ्या नदीत जातो. रस्त्यात नावांची तपासणी चौकी उघडी असेल तर टपावर कनू असलेल्यांनीही थांबायचं असतं.

जेवणाला दशम्या आणि कोरडी चटणी. रस्सा असलेलं काहीही नावेत नको. चहाचा थर्मास आईंकडे द्या, तरीवर पोचल्यावरच मिळेल असा. बाबा शेवटचा किलोमीटर जोरात वल्हवतील.